कीर्तनाला विचारल्याशिवाय

अयनावरम, चेन्नई
१२ ऑक्टोबर २००८

प्रिय कीर्तना,

पाठवणाऱ्याचं नाव वाचून तू हे पत्र न फोडताच टाकून दिलंस, तर तुझं चुकलं असं मी म्हणणार नाही. माझं तुला हे पहिलंच पत्र, आणि मी तुझ्याशी शेवटचं जे बोललो ते जपून ठेवावं असं नव्हतं. खरं तर मेल पाठवणं सोपं होतं. पण आमच्या घरातून मेल जाते ती एकाच यंत्रावरून, आणि तिच्यावर नाव उमटतं क्षितिजचं. सात महिन्यांपूर्वी गेलेल्या माझ्या मुलाचं नाव बंगलोरला तुझ्या ऑफिसात एकदम पडद्यावर आलं असतं. तो प्रसंग तुझ्यावर आणायचा नव्हता म्हणून कागद घेतला. हिंदीच्या परीक्षांमुळे तुला देवनागरी येत होती आणि मराठी वाचायला त्याने शिकवलं, हे मला ठाऊक आहे. अक्षर म्हाताऱ्याचं आहे, तेवढं सांभाळून घे.

मार्चमध्ये तू फोन केलास तेव्हा रिसीव्हर मीच उचलला होता. तुझा आवाज ओळखला आणि एक अक्षर न बोलता तो त्याच्या आईच्या, विद्युलतेच्या, हातात दिला. ती तुझ्याशी किती वेळ बोलली, काय बोलली, हे तिने मला सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. त्यामुळे तो कसा गेला हे तुला कितपत माहीत आहे कोण जाणे. कावीळ अंगावर काढली त्याने. डोळे हळदीसारखे झाले तरी स्वारी सकाळी बसने पेरुंगुडीला ऑफिसात जायची, संध्याकाळी परत येऊन जेवणाआधी लॅपटॉप उघडायची. ऑफिसचं काम वेगळं आणि हे 'उंबरा'चं वेगळं. डॉक्टरांनी दाखल करून घेतलं तेव्हा उशीर झालेला होता. नऊ दिवसांनी, चार मार्चला, सगळं संपलं. त्या नऊ दिवसांत त्याला एक्केचाळीस मेल आल्या होत्या. मी नंतर मोजल्या. पुढची आवृत्ती कधी काढतोस, माझ्या अडचणीचं उत्तर का देत नाहीस, तू झोपलायस का. त्यांचा दोष नाही म्हणा, त्याने कुणाला कळवलंच नव्हतं. पण तेव्हा मला त्या सगळ्यांचा गळा धरावासा वाटला होता.

आणि आता त्याच 'उंबरा'पायी क्षितिजच्या नावाला काळं लागलंय. ते मी लावलंय. तेच तुला सांगायला बसलोय, पण मला एकदम मुद्द्यावर येता येत नाही. पेरांबूरच्या रेल्वे डब्यांच्या कारखान्यात तेहतीस वर्षं तपासणी केली. आधी डब्याचा क्रमांक, मग सांध्याचा, मग दोष, अशा क्रमाने लिहायची सवय जडली आहे. तेव्हा क्रमानेच जाऊ दे.

'उंबरा' म्हणजे काय हे तुला मी सांगणं म्हणजे काशीच्या माणसाला गंगा दाखवणं. पण मला ते कसं कळलं ते सांगतो. २००४ मध्ये त्याने ते लिहायला घेतलं तेव्हा मी विचारलं होतं, हे कोणासाठी. म्हणाला, सगळ्यांसाठी, फुकट, वाटेल त्याने घ्यावं, बदलावं. मग सोप्या भाषेत समजावलं. साइटवर लोक फॉर्म भरतात, नाव, पत्ता, निरोप. त्यात काहीही भरतात, कधी चुकून आणि कधी मुद्दाम. जे भरलं ते आत घेण्याआधी पाय पुसायला लावायचे, चप्पल बाहेर काढायला लावायची, म्हणून नाव 'उंबरा'. पीएचपी नावाच्या भाषेत लिहिलेल्या चौदा फायली. मी म्हटलं, म्हणजे तू घरचं खाऊन लष्करच्या भाकऱ्या भाजणार. तो हसला. त्यानंतर त्या सॉफ्टवेअरचं आमच्या घरातलं नावच 'भाकऱ्या' पडलं. विद्युलता विचारायची, क्षितिज, भाकऱ्या झाल्या असतील तर पानं घेऊ का.

मग तू आलीस, २००६ मध्ये, तुझ्या वडिलांबरोबर, लग्नाचं बोलायला. बालाजीराव तिरुवल्लिकेणीहून दोन बस बदलून, हातात अशोका हलव्याचा डबा सांभाळत आले होते. चांगला माणूस. आणि मी काय केलं ते तू विसरली नसशील. मी त्यांच्या मराठीला हसलो. तीनशे वर्षांपूर्वी तंजावरला ठेवलेलं मराठी अजून तसंच आहे वाटतं, त्याला वारा लागू द्या, असं काहीतरी म्हणालो आणि ते फार विनोदी झालं असं मला वाटलं. तू मला मामा म्हणालीस, तमिळ घरांत म्हणतात तसं. मी म्हटलं, आमच्यात काका म्हणतात. तू म्हणालीस, 'परवाइल्लै, काका,' असू दे म्हणून. त्या एका शब्दात मला माझी पायरी दाखवून दिली होतीस, पण तेव्हा ते कळण्याइतकी अक्कल नव्हती. मिरजेहून येऊन ज्या गावात मी चाळीस वर्षं भात खाल्ला, त्या गावच्या मुलीला मी परकी ठरवलं. क्षितिजने माझ्याशी भांडण केलं नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. तू बंगलोरची नोकरी घेतलीस आणि तो ऑफिस आणि भाकऱ्या यांत बुडाला. त्याने लग्नाचा विषय पुन्हा काढू दिला नाही. या सगळ्याचा आणि त्याच्या दुखण्याचा संबंध मी जोडत नाही, जोडला तर मला जगता येणार नाही.

तो गेल्यावर पंधरा दिवसांनी मी लॅपटॉप उघडला तो बंद कसा करायचा ते बघायला. मेल आपोआप उघडली. पहिली ओळ सगळीकडे तीच, डियर क्षितिज. विद्युलता मागे येऊन उभी राहिली होती. ती म्हणाली, त्याला लोकांनी काय लिहिलंय ते मला वाचून दाखवा. मी वाचून मराठीत सांगितलं. एका मेलमध्ये तक्रार होती की फॉर्ममध्ये सालांची जी यादी येते ती २००८ लाच संपते, पुढच्या वर्षाचं आरक्षण कसं घ्यायचं. ती त्याने तेवढीच केली होती. विद्युलता म्हणाली, त्यांना उत्तर द्या हो, तो कुणाला ताटकळत ठेवायचा नाही. कीर्तना, तेव्हा मी लिहायला हवं होतं की तो गेला. चार शब्दांचं काम. मी लिहिलं, क्षमस्व, उशीर झाला, बघतो. आणि खाली सहीच्या जागी क्षितिज हे नाव आपोआप आलं. ते मी पुसलं नाही.

मग मी शिकलो. हसू नकोस. मूर मार्केटात जाऊन पीएचपीचं जुनं पुस्तक आणलं, रोज सकाळी कॉफी झाली की दोन तास बसायचो. नकाशे वाचलेला माणूस आहे मी, सगळं नाही तरी कुठला भाग कशाला जोडलाय एवढं कळायला लागलं. एप्रिलमध्ये ती सालांची यादी २०२० पर्यंत वाढवली आणि त्याचा संकेतशब्द यंत्रात साठवलेला होता त्याच्या जोरावर नवी आवृत्ती चढवली. तीन माणसांचे आभार आले. त्यांतला एक म्हणाला, क्षितिज, तुझ्यासारखी माणसं आहेत म्हणून हे चाललंय. ते विद्युलतेला वाचून दाखवलं तर तिने पदर डोळ्यांना लावला आणि त्या दिवशी, तो गेल्यापासून पहिल्यांदा, पोटभर जेवली. त्यानंतर ते रोजचंच झालं. स्वयंपाक करता करता ती विचारायची, आज कोणी काय लिहिलंय त्याला. मेल आली नसेल त्या दिवशी मी जुनीच वाचायचो. तिला कळत होतं, ती काही खुळी नाही. पण कुठेतरी लांबच्या देशातल्या माणसांच्या लेखी आपला मुलगा अजून उत्तरं देतोय, यात तिला काय मिळत होतं ते मला शब्दांत सांगता यायचं नाही. मलाही तेच मिळत होतं.

आता कारखान्यातली एक गोष्ट सांगतो, म्हणजे मी काय केलं त्याचं वजन तुला कळेल. आमच्याकडे प्रत्येक तपासनिसाला क्रमांकाचा एक पोलादी ठसा मिळे. सांधा तपासला, बरा वाटला, की त्यावर ठसा ठोकायचा. माझा क्रमांक ४७. वीस वर्षांनी तो सांधा तुटला तरी कोणी पाहिला होता ते त्या ठशावरून कळे. निवृत्त होताना ठसा भांडारात जमा करून पावती घ्यायची, आणि माणूस मेला तर त्याच्या बायकोकडे जाऊन पहिल्यांदा ठसा मागायचे, सांत्वन नंतर. दारू पिऊन आलेल्याला आम्ही एकदा माफ करत होतो. दुसऱ्याचा ठसा वापरणाऱ्याला कधीच नाही. वसंता म्हणून माझा एक सहकारी होता, मित्राची रजा झाकायला त्याने मित्राचा ठसा चार सांध्यांवर ठोकला. सांधे उत्तम होते. तरी त्याच्याविरुद्धचा कागद मी स्वतः लिहिला आणि त्याला तपासणीतून काढायला लावलं. त्याची बायको घरी येऊन रडली, मी तिला दारातूनच परत पाठवलं. असा हा तत्त्वाचा माणूस सहा महिने मेलेल्या मुलाचा ठसा ठोकत बसला होता.

ऑगस्टमध्ये एका गृहस्थांची मेल आली. कुठल्या देशाचे ते शेवटपर्यंत कळलं नाही. फार अदबीने लिहिलं होतं, आधी 'उंबरा'ची स्तुती, मग तक्रार. पत्त्याच्या रकान्यात दुसरी ओळ लिहिता येत नाही, सगळा पत्ता एका ओळीत कोंबावा लागतो, तो सुधारलेला भाग सोबत जोडला आहे, योग्य वाटल्यास घ्यावा. मला ते इतकं पटलं! एका ओळीत कधी पत्ता मावतो का? आपल्याकडे घर क्रमांक, गल्ली, देवळाच्या मागे, अमक्याच्या समोर, सहा ओळी लागतात. मी मनात म्हटलं, क्षितिज, एवढं कसं रे सुचलं नाही तुला. त्यांचा बदल त्याच्या फायलीशेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहिला, पद्धतशीर, पेन्सिलीने खुणा करत. त्यांनी एकच ओळ काढली होती. आणि क्षितिजच्या फायलीत नेमक्या त्या ओळीच्या डोक्यावर एक सूचना होती, इंग्रजी अक्षरांत पण मराठीत लिहिलेली. ही ओळ कीर्तनाला विचारल्याशिवाय काढू नये.

मी ती वाचली, कीर्तना. एकदा नाही, दोन-तीनदा वाचली. तुझा नंबर विद्युलतेच्या वहीत होता, फोन तीन हातांवर होता. पण फोन केला असता तर काय बोललो असतो? की मी क्षितिज बनून बसलोय, आणि ज्या मुलीला मी घरात घेतलं नाही तिच्याकडे आता विचारायला आलोय? मला वाटलं, तू तेव्हा काहीतरी शंका काढली असशील आणि त्याने तुझं मन राखायला ते लिहून ठेवलं असेल. पोरांचा लाडिकपणा. खोटं कशाला बोलू, ते वाचून थोडा रागच आला. माझ्या घरात, माझ्या मुलाच्या कामात, अजून हिला विचारायचं! मी ती ओळ काढली, वरची सूचनाही काढली, आणि १९ ऑगस्टला नवी आवृत्ती चढवली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, माझ्या बैलाने तर जाताना शेजाऱ्यांची शेतं तुडवली.

पुढचं तू कदाचित वाचलं असशील. ती ओळ का होती ते मला सप्टेंबरात कळलं, ज्यांचं नुकसान झालं त्यांच्या शिव्यांमधून. दुसरी ओळ लिहिता आली की लबाड माणूस त्या ओळीत हजार परक्यांचे मेल-पत्ते भरतो, आणि बिचारी साइट त्या हजारांना घाणेरड्या जाहिराती आपल्या नावाने वाटत सुटते. हे भोक २००५ मध्ये तू शोधलं होतंस, जुन्या मेलींत सापडलं. त्याने तुला लिहिलेलं, तू नसतीस तर मी लोकांची घरं उघडी टाकली असती. शेकडो साइट त्यात सापडल्या. एका बहिऱ्या मुलांच्या शाळेची साइट बंद झाली, तिथल्या बाई लिहितात की आमचे प्रवेशअर्ज त्यातूनच येत होते. ते अदबशीर गृहस्थ लबाड होते की माझ्याइतकेच भोळे, मला आजही माहीत नाही. त्यांनी पुन्हा लिहिलं नाही. मी ती ओळ पुन्हा जागेवर ठेवली, दुरुस्त आवृत्ती चढवली, प्रत्येकाची क्षमा मागितली. पण सगळे कुठे नवी आवृत्ती घेतात? आणि जिथे असल्या दोषांची कायमची नोंद ठेवतात तिथे आता लिहिलेलं आहे: सॉफ्टवेअर उंबरा, दोष १९ ऑगस्टच्या आवृत्तीत, जबाबदार क्षितिज. खाली लोकांची चर्चा. निष्काळजी. याला कळत होतं, जुन्या फायलीत सूचना होती, याने ती जाणूनबुजून काढली. एकाने तर लिहिलंय, याने दार मुद्दाम उघडं ठेवलं. ज्या मुलाने चार वर्षं दुसऱ्यांच्या दारात पायपुसणी घातली, त्याच्याबद्दल.

हे मी विद्युलतेला वाचून दाखवत नाही. मनाने बनवून सांगतो, कोणी आभार मानलेत, कोणी तब्येत विचारलीय. परवा ती म्हणाली, हल्ली सगळे एकाच तऱ्हेने लिहायला लागलेत, नाही? 

आता दोष क्रमांक शेवटचा. गेल्या आठवड्यात मी खरं लिहिलं. सगळ्यांना दिसेल अशा जागी, मोडक्या इंग्रजीत, की मी बाळकृष्ण, क्षितिजचा बाप, माझा मुलगा चार मार्चलाच वारला, ऑगस्टची चूक माझी आहे. कोणी विश्वास ठेवला नाही. पहिलंच उत्तर आलं, आता मेल्याचं सोंग घेतोस काय. दुसऱ्याने लिहिलं, एप्रिलमध्ये तू मला उत्तर दिलं होतंस, मेमध्येही दिलंस, हे बघ. आणि खाली माझ्याच मेल डकवल्या, प्रत्येकीखाली त्याचं नाव. मी सहा महिने त्याला इतका नीट जिवंत ठेवला की आता तो मेला हे मला सिद्ध करता येत नाही. म्हणून तुला लिहितोय. 'उंबरा'च्या कर्त्यांच्या यादीत दुसरं नाव तुझंच आहे, त्याने ते कधी काढलं नाही. तुला ते लोक ओळखतात. संकेतशब्द वेगळ्या कागदावर लिहून सोबत ठेवलाय, हा त्याचा ठसा मी तुझ्याकडे जमा करतोय, पावती नको. मृत्यूच्या दाखल्याची झेरॉक्सही आहे, ती हवी तिथे लाव. तू लिहिलंस की मेल यायच्या थांबतील. मग सकाळी कॉफीनंतर मी विद्युलतेला काय सांगायचं, ते मला माहीत नाही, आणि तुझ्या लिहिण्याने ती नोंद पुसली जाईल अशीही आशा मी धरत नाही. तरीही लिही. तो चार मार्चला गेला, त्यानंतरचं काहीही त्याचं नाही, एवढंच. तुला विचारल्याशिवाय ती ओळ काढू नको असं त्याने सांगितलं होतं. मी विचारलं नाही. आज विचारतोय, उशिरा.

तुझाच, तू प्रथम म्हणालीस तसा,
बाळकृष्णमामा